सुपरचार्ज्ड इंजिन जास्त फिरवायचंय? आधी ब्लोअरच्या फेऱ्या मोजा

साध्या इंजिनाला एक रेडलाइन असते, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत फिरवायचं याची वरची मर्यादा. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा ब्लोअर, बसवलेल्या इंजिनाला दोन असतात: एक क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची), दुसरी ब्लोअरच्या रोटरची. दोन्ही एकाच बेल्टला बांधलेल्या, त्यामुळे एकीला हात लावला की दुसरी आपोआप हलते. लिमिटर (फेऱ्या त्यापुढे जाऊ न देणारी सोय) ७,००० वरून ८,००० वर नेला की आपण म्हणतो हजार फेऱ्या वाढवल्या. पण क्रँक पुली आणि ब्लोअर पुलीचं गुणोत्तर २ असेल तर तिकडे रोटर १४,००० वरून १६,००० वर गेलेला असतो. त्याला ते झेपणार का, हा प्रश्न बरेच जण फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड विकत घेऊन झाल्यावर विचारतात.

म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा घेतलाय. आधी कागदावरचा हिशेब, मग ब्लोअर आणि पुली, मग हेड (व्हॉल्व्ह आणि कॅमचा वरचा भाग), मग इंजिनाचा खालचा भाग, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) शेवटी. उदाहरणासाठी एकच इंजिन धरू: चार सिलिंडर, दोन लिटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८६ मिमी, पिस्टन क्रँकशी जोडणारा रॉड १४३ मिमी, रूट्स पद्धतीचा ब्लोअर, बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) ०.८ बार. आज लिमिटर ७,००० वर आहे, न्यायचाय ८,००० वर. तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

वरच्या हजार फेऱ्यांत ताकद आहे का?

डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख समोर घ्या. ताकदीची रेघ ७,००० ला अजून चढती किंवा निदान सपाट असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. ती ६,२०० ला शिखर गाठून खाली उतरत असेल, तर लिमिटर वाढवून आवाज वाढेल, गाडी नाही.

रेघ खाली का येते, हे मात्र बूस्टच्या रेघेशी ताडून बघा. रूट्स किंवा स्क्रू पद्धतीचा ब्लोअर दर फेरीला ठरावीक हवा पुढे ढकलतो, आणि इंजिनही दर फेरीला जवळपास ठरावीक हवा गिळतं. दोघांच्या फेऱ्या बरोबरीने वाढतात, म्हणून बूस्ट बऱ्यापैकी स्थिर राहायला हवं. वरच्या फेऱ्यांत बूस्ट वाढतंय आणि ताकद पडतेय, याचा अर्थ ब्लोअर हवा देतोय पण हेड, कॅम किंवा एक्झॉस्ट ती पुढे जाऊ देत नाही. बूस्ट आणि ताकद दोन्ही पडतायत, तर बेल्ट घसरतोय किंवा ब्लोअरच्या तोंडाशीच हवा अडतेय: एअर फिल्टर, लहान थ्रॉटल, अरुंद पाइप. बूस्ट स्थिर आहे, ताकद पडतेय आणि पाठोपाठच्या प्रत्येक धावेत आणखी पडतेय, तर संशय तापलेल्या हवेवर घ्या. या तिन्हींवर औषध वेगवेगळं आहे, आणि शेवटच्या दोन्हींत इंजिन उघडावंच लागत नाही.

गिअरचा विचारही इथेच करून टाका. दुसऱ्याचं गुणोत्तर १.९० आणि तिसऱ्याचं १.३६ असेल, तर ७,००० ला गिअर बदलल्यावर इंजिन साधारण ५,००० वर येतं, ८,००० ला बदलल्यावर ५,७०० वर. ५,७०० ते ८,००० या पट्ट्यातली सरासरी ताकद ५,००० ते ७,००० मधल्या सरासरीपेक्षा जास्त भरते का, एवढंच पाहायचं. ट्रॅकवर एखाद्या वळणापाशी नको असलेला गिअर बदल वाचत असेल तर तोही फायदा धरा. फक्त रस्त्यावर दमदार गाडी हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आहे त्याच रेडलाइनवर हवा थंड करा, बेल्टची पकड सुधारा. तेवढ्या खर्चात जास्त मिळेल.

वेगाचा आणि ताणाचा हिशेब

पिस्टनचा सरासरी वेग काढणं सोपं आहे: स्ट्रोकची दुप्पट गुणिले फेऱ्या, भागिले ६०. आपल्या इंजिनाला ७,००० वर तो सेकंदाला २०.१ मीटर येतो, ८,००० वर २२.९. कारखान्यातून आलेल्या गाड्यांत होंडा एस२०००चं एफ२०सी इंजिन ८४ मिमी स्ट्रोकवर ९,००० ला २५.२ पर्यंत जातं, आणि ते पहिल्या दिवसापासून त्याचसाठी बांधलेलं आहे. पुढे २.२ लिटर करताना स्ट्रोक ९०.७ मिमी झाला, तेव्हा होंडानेही रेडलाइन खाली आणली. उलट टोयोटाच्या ४ए-जीझेडई या सुपरचार्ज्ड १.६ लिटर इंजिनाचा स्ट्रोक ७७ मिमीच आहे, त्यामुळे ८,००० ला त्याचा पिस्टन जेमतेम २०.५ ने धावतो. लहान स्ट्रोक ही जास्त फिरवण्यासाठी मिळालेली जन्मजात देणगी, ती बाजारात विकत मिळत नाही. २३ च्या आत आपण असू तर चांगल्या भागांवर काम निभावतं. कारखान्यातूनच त्यासाठी बांधलेलं इंजिन नसेल तर २५ च्या पुढे प्रत्येक भाग रेसिंगच्या दर्जाचा लागतो आणि आयुष्य तासांत मोजावं लागतं.

वेगापेक्षा जास्त घातक असतो तो झटका. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि परत फिरतो, तिथे त्याला खेचून आणण्याचं काम रॉडचं. हे बळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं. फेऱ्या १४ टक्के वाढल्या तर बळ ३१ टक्के. आपल्या इंजिनात पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ४५० ग्रॅम धरलं, तर ७,००० ला वरच्या टोकाशी ओढ सुमारे १३.५ किलोन्यूटन असते, म्हणजे जवळपास १.४ टन. ८,००० ला ती १७.७ किलोन्यूटन होते, १.८ टन. दर फेरीला एकदा, सेकंदाला १३३ वेळा.

इथे एक घोळ नेहमी होतो. "माझे रॉड इतकं बूस्ट झेलतात" हे वाक्य जास्त फेऱ्यांबद्दल काहीही सांगत नाही. बूस्ट रॉडला दाबतं, फेऱ्या रॉडला ताणतात. सगळ्यात मोठा ताण येतो तो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, कारण त्या वेळी सिलिंडरमध्ये पिस्टनला खाली रेटणारा ज्वलनाचा दाबच नसतो आणि सगळी ओढ रॉडच्या बोल्टांवर पडते. जाड रॉड आणि साधे बोल्ट ही जोडी बूस्टला पुरते, फेऱ्यांना नाही.

ब्लोअर, पुली आणि बेल्ट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ब्लोअरच्या फेऱ्या म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या गुणिले क्रँक पुलीचा व्यास, भागिले ब्लोअर पुलीचा व्यास. जुन्या पिढीच्या तीन लोबच्या रूट्स युनिटांची मर्यादा साधारण १४,००० ते १६,००० च्या पट्ट्यात असते. चार लोब आणि १६० अंशांचा पीळ असलेल्या ईटनच्या टीव्हीएस मालिकेची त्याहून बरीच वर. तुमच्या युनिटचा नेमका आकडा बनवणाऱ्याच्या तक्त्यातच बघा. त्यात सतत चालण्याची आणि क्षणभराची अशा दोन मर्यादा दिलेल्या असतील तर ट्रॅकसाठी पहिलीच खरी माना.

आपल्या उदाहरणात क्रँक पुली १५० मिमी आणि ब्लोअर पुली ७५ मिमी, गुणोत्तर २. ब्लोअरची सततची मर्यादा १४,००० असेल तर ८,००० च्या लिमिटरसाठी गुणोत्तर १.७५ हवं, म्हणजे ब्लोअरवर जवळपास ८६ मिमीची पुली. लोक सहसा याच्या बरोबर उलटं करतात: बूस्टसाठी लहान पुली बसवतात आणि वर लिमिटरही वाढवतात. दोन्ही वाढी एकमेकींना गुणतात आणि रोटरचे टायमिंग गिअर, बेअरिंग, कपलर यांची वाट लागते.

मोठ्या पुलीची किंमत खालच्या फेऱ्यांत मोजावी लागते. गुणोत्तर २ वरून १.७५ केलं की दर फेरीला हवा १२.५ टक्के कमी. निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा १ बार धरून) १.८ बार होता, तो ढोबळमानाने १.५८ वर येईल. म्हणजे गेजवर ०.८ ऐवजी ०.६ च्या आतबाहेर, आणि तेही प्रत्येक फेरीला. ज्या भरलेल्या टॉर्कसाठी रूट्स ब्लोअर घेतला, तोच खालून कमी होतो. हा सौदा पटत नसेल तर मार्ग एकच उरतो: मोठ्या आकारमानाचा ब्लोअर, कमी फेऱ्यांवर. बजेट असेल तर मी तोच घेईन, कारण मोठा ब्लोअर निवांत फिरतो आणि हवाही कमी तापवतो.

तापण्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. बाहेरची हवा ३० अंश, दाबाचं गुणोत्तर १.८, ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के: ब्लोअरनंतरच्या कूलरमध्ये शिरण्याआधी हवा सुमारे १२० अंशांवर जाते. ब्लोअर त्याच्या आवडत्या पट्ट्याबाहेर पळवला आणि कार्यक्षमता ५० वर आली, की तीच हवा १४० अंशांवर. दोन लिटरच्या या इंजिनात ७,००० ला ब्लोअर फिरवायलाच साधारण २५ अश्वशक्ती खर्ची पडते. कार्यक्षमता घसरली की हाही आकडा फुगतो, आणि ती ताकद शेवटी उष्णता होऊन तुमच्याच हवेत येते.

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर असेल तर गणित पूर्ण वेगळं. त्यात दाब इम्पेलरच्या (हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या) वेगाच्या वर्गाने वाढतो. ६,५०० ला ०.६ बार देणारं युनिट तीच पुली ठेवून ७,५०० पर्यंत नेलं, तर बूस्ट ०.८ च्या घरात जाईल, कोणी न मागता. आतल्या वाढीव गिअरिंगमुळे लहान युनिटांचे इम्पेलर मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या आसपास फिरतात, तिथे मर्यादा ओलांडणं म्हणजे थेट स्फोटाला आमंत्रण. त्यामुळे इथे लिमिटर वाढवायचा असेल तर पुली त्याच प्रमाणात मोठी करणं सक्तीचं समजा. सेंट्रिफ्युगलवाल्यांचं नुकसान मात्र कमी होतं, कारण खालच्या फेऱ्यांत त्यांच्याकडे तसंही फारसं बूस्ट नसतं.

बेल्टकडे शेवटी पण नीट बघा. पुलीभोवती बेल्टचा वेढा किती अंशांत आहे ते पाहा. वेढा कमी असेल तर टेन्शन वाढवण्याआधी आयडलरची (बेल्टला दिशा देणाऱ्या मोकळ्या पुलीची) जागा बदला, कारण जास्त ताणलेला बेल्ट ब्लोअरच्या नाकातली बेअरिंग खातो. सहा रिबांवरून आठ रिबांवर जाणं हा बहुतेक वेळा योग्य उपाय. पुलीभोवती काळी रबरी भुकटी साचणं, बेल्टच्या रिबांना चकाकी येणं आणि वरच्या फेऱ्यांत बूस्टची रेघ करवतीसारखी दातेरी दिसणं, या घसरण्याच्या खुणा. आयडलरच्या लहान पुल्या क्रँकच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतात, त्यांच्या बेअरिंगचा दर्जाही तपासा. ऑल्टरनेटरचंही तेच: त्याचं गुणोत्तर २.७ असेल तर ८,००० ला तो २१,६०० वर जातो, आणि बहुतेक ऑल्टरनेटर १८,००० ते २०,००० च्या पुढे चालवायचे नसतात. त्याला मोठी पुली लावा, आयडलवर चार्जिंग पुरतं का ते बघा, विषय संपला.

हेड: जास्त फिरण्याची खरी परीक्षा

फेऱ्या वाढल्या की सगळ्यात आधी हात टेकतात त्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा. कॅमचा उतार सुरू झाला की व्हॉल्व्हला कॅमला चिकटवून ठेवायचं काम स्प्रिंगचं. ती कमी पडली की व्हॉल्व्ह तरंगतो, सीटवर आपटून उसळतो, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनला भेटतो. सुपरचार्ज्ड इंजिनात यात भर म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा दाब बसतो आणि व्हॉल्व्ह उघडायला बघतो. ३४ मिमीचा व्हॉल्व्ह आणि ०.८ बार धरलं तर हे बळ ७३ न्यूटन, म्हणजे सव्वासात किलोहून थोडं जास्त. स्प्रिंगचा बसल्या जागचा दाब २२ किलो असेल तर त्यातला तिसरा हिस्सा बूस्टनेच खाल्ला. म्हणून सुपरचार्जर नसलेल्या, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनासाठी "८,५०० पर्यंत चालेल" म्हणून विकली जाणारी स्प्रिंग तुमच्याकडे तेवढी चालेलच असं नाही. स्प्रिंग निवडताना बूस्टचा आकडा सांगा, कॅमची लिफ्ट (तो व्हॉल्व्ह किती उघडतो ते) सांगा, मगच भाग क्रमांक विचारा.

नव्या स्प्रिंगा आल्या की डब्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर बसवलेल्या उंचीला आणि पूर्ण लिफ्टला दाबून तिचा दाब लिहून ठेवा. हेडवर बसल्या जागेची उंची उंचीमापक मायक्रोमीटरने प्रत्येक व्हॉल्व्हपाशी वेगळी मोजा. व्हॉल्व्ह सीट पुन्हा कापलेल्या हेडमध्ये ती सोळा ठिकाणी सोळा प्रकारची निघते, आणि शिम (पातळ चकत्या) टाकून सारखी करावी लागते. पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना भिडायला निदान १ ते १.५ मिमी जागा उरली पाहिजे, आणि रिटेनर (स्प्रिंग वरून धरणारी वाटी) व सील यांच्यात १.५ मिमी. बीहाइव्ह आकाराच्या स्प्रिंगा आणि हलके टायटॅनियम रिटेनर यांनी हलणारं वजन कमी होतं; स्प्रिंग अकारण कडक करण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण कडक स्प्रिंग कॅम आणि बकेट (कॅमखालची, व्हॉल्व्ह दाबणारी वाटी) दोन्ही घासते.

फॉलोअर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले भाग) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट भरणारे, असतील तर जास्त फेऱ्यांत ते फुगून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवू शकतात. शिम बकेटच्या वर बसवलेली रचना असेल तर ती फेकली जाण्याचा धोका असतो. खाली शिम असलेल्या बकेट घ्या.

कॅमच्या बाबतीत मोह आवरायला हवा. जास्त फेऱ्यांसाठी जास्त ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा, लागतं हे खरं, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की वरच्या फेऱ्यांत भरणा सुधारतो. पण रेसिंगच्या नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड कॅमला ओव्हरलॅप भरपूर असतो, आणि तुमच्याकडे मॅनिफोल्डमध्ये दाब आहे. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना कष्टाने दाबलेली हवा इंधनासकट सरळ एक्झॉस्टमध्ये निघून जाते. म्हणून सुपरचार्ज्ड इंजिनाच्या कॅमचं लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर) रुंद ठेवतात, साधारण ११२ ते ११६ अंश. डबल कॅमच्या इंजिनात अ‍ॅडजस्टेबल पुल्या लावून ते डायनोवर शोधता येतं.

कॅम, लिफ्ट किंवा हेडची जाडी यातलं काहीही बदललं असेल तर मातीची चाचणी टाळू नका. पिस्टनच्या खाचांवर प्लॅस्टिसिनचा पातळ थर द्या, त्यावर तेलाचं बोट फिरवा म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही. गॅसकेटसकट हेड बसवून टायमिंग लावा आणि क्रँक हातानेच, पान्याने, सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. हेड उतरवून माती धारदार पात्याने कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजा. इनटेककडे निदान २ मिमी, एक्झॉस्टकडे २.५ मिमी हवेत. एक्झॉस्टला जास्त का, तर तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत वर येत असतो.

खालचा भाग

रॉड बदलायचे नसतील तरी बोल्ट बदलाच. नवे बोल्ट बसवले की रॉडच्या मोठ्या टोकाचं भोक किंचित आकार बदलतं, म्हणून मशीन शॉपमध्ये ते पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. हा खर्च टाळणारेच पुढे बेअरिंग फिरल्याची तक्रार करतात. बोल्ट आवळताना टॉर्कपेक्षा ताण मोजणं जास्त विश्वासाचं: बसवण्याआधी बोल्टची मोकळी लांबी मोजा, आवळल्यावर किती लांबला ते बनवणाऱ्याच्या आकड्याशी ताडा. पुढे कधी इंजिन उघडलं आणि मोकळा बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमी जरी लांब भरला, तर तो कायमचा ताणलाय, टाकून द्या.

बेअरिंगची फट जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, हा जुना नियम सुरुवातीला पुरतो: ४८ मिमी जर्नलला ०.०४८ मिमी. जास्त फेऱ्या आणि बूस्ट दोन्ही असतील तर ०.०५५ पर्यंत जायला हरकत नाही, तेल त्यानुसार थोडं जाड घ्या. प्लॅस्टिगेजने (फटीत चिरडून रुंदी मोजायच्या प्लॅस्टिकच्या दोरीने) अंदाज येतो. भरवसा बोअर गेजचाच. रिंगांची फट बूस्टमुळे मोठी ठेवावी लागते, ८६ मिमी बोअरला वरच्या रिंगेची ०.४५ ते ०.५ मिमी. कमी ठेवलेली फट तापल्यावर मिटते आणि रिंग पिस्टनची कड उपटते. पिस्टन, रॉड, क्रँक, फ्लायव्हील, क्लच कव्हर हे सगळं एकत्र बॅलन्स करून घ्या.

क्रँकच्या पुढच्या पुलीला जपा. कारखान्यातली पुली दिसायला साधी पुली, पण तिच्यातलं रबर क्रँकची पिळणारी कंपनं शोषतं. त्याजागी वजन कमी म्हणून भरीव अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवणं ही या कामातली सगळ्यात महाग काटकसर. सुपरचार्जरचा बेल्ट आधीच क्रँकच्या नाकावर बाजूने ओढत असतो. एसएफआय (रेसिंगच्या भागांची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) १८.१ मानकाचा डॅम्पर, म्हणजे कंपनं शोषणारी पुली, घ्या. फ्लायव्हील बिडाचं असेल तर तेही बदला, एसएफआय १.१ मानकाचं स्टीलचं बसवा. फुटलेल्या बिडाच्या फ्लायव्हीलचे तुकडे पत्रा फाडून आत येतात.

कंपनांचा पुढचा बळी तेलाचा पंप. क्रँकवरच बसलेल्या पंपाचे गिअर बऱ्याच इंजिनांत धातूची पूड दाबून बनवलेले असतात. लिमिटरवर आपटत राहिलं की ते तडकतात, आणि तेलाचा दाब एका क्षणात शून्य. टोयोटाचं २झेडझेड-जीई, जे लोटसने सुपरचार्जरसकट वापरलं, आणि फोर्डचं कोयोटे व्ही८, ही दोन्ही या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. बिलेटचे (अखंड धातूतून कापलेले) गिअर बसवा. तेलाच्या टाकीत, म्हणजे इंजिनाखालच्या पॅनमध्ये, अडसर पत्रे घाला, कारण ८,००० ला क्रँक तेलाचा फेस करतो आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. दाब हजार फेऱ्यांमागे निदान ०.७ बार हवा, तोही तेल तापलेलं असताना.

इंधन, ठिणगी, ईसीयू

७,००० ला चार स्ट्रोकचं एक चक्र १७.१ मिलिसेकंदांचं असतं, ८,००० ला १५. इंजेक्टर ८५ टक्क्यांपर्यंतच उघडा ठेवायचा धरला तर त्याच्या हातात १४.६ ऐवजी १२.७५ मिलिसेकंद उरतात. ३०० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर सुपरचार्ज्ड इंजिनाला मिनिटाला ५५० सीसीच्या आसपासचे इंजेक्टर लागतात. रेलमधला दाब बूस्टबरोबर वाढतोय का, हे लॉगमध्ये पाहा: मूळ ३ बार असेल तर ०.८ बूस्टला ३.८ दिसायला हवा. नाही दिसला तर पंप किंवा वायरिंग कमी पडतंय. प्लग एक-दोन पायऱ्या थंड, फट ०.६ ते ०.७ मिमी.

ईसीयूत लिमिटरचा आकडा बदलण्याआधी तक्ते पुढे वाढवा. बऱ्याच ईसीयूंत इंधनाचे आणि इग्निशनचे तक्ते ७,००० लाच संपतात. पुढे ईसीयू शेवटचीच ओळ वापरत राहतो आणि मिश्रण पातळ होतंय हे कळत नाही. नव्या ओळींत सुरुवातीला इग्निशन दोन-तीन अंश मागे ठेवा, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.७८ ते ०.८२. नॉक (मिश्रण आपोआप, अवेळी पेटणं) ओळखणाऱ्या सेन्सरची पातळी नव्याने लावावी लागते, कारण कडक स्प्रिंगा आणि फोर्ज्ड पिस्टन यांचा खडखडाट त्याला नॉक वाटतो. तो सेन्सर बंद करून टाका असं सांगणारा ट्यूनर असेल तर दुसरा ट्यूनर शोधा. लिमिटर ठिणगी तोडणारा ठेवा. इंधन अर्धवट तोडणारा लिमिटर बूस्टमध्ये एखादं सिलिंडर पातळ चालवतो. ठिणगी तोडल्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, म्हणून लिमिटरवर रेंगाळू नका. आणि पाचव्यातून चुकून दुसरा पडला तर कुठलाच लिमिटर वाचवत नाही, तिथे चाकंच इंजिन फिरवत असतात. गाडी रस्त्यावर राहणार असेल तर उत्सर्जन, नोंदणी आणि विमा यांचे तुमच्याकडचे नियम कामाला लागण्याआधी पाहून घ्या.

वर चढण्याची पद्धत

काम सुरू करण्याआधीची कॉम्प्रेशन आणि लीकडाउनची (सिलिंडर किती दाब धरतं आणि किती गळतं याची) नोंद जपून ठेवा. नवं इंजिन बसल्यावर बनवणाऱ्याने सांगितलेलं रनिंग-इन पुरं करा, तेल बदला, मग डायनोवर जुन्या ७,००० वरच पूर्ण ट्यून करा. त्यानंतर एका वेळी २५० फेऱ्या. प्रत्येक पायरीला लॅम्बडा, बूस्ट, हवेचं तापमान, तेल आणि इंधनाचा दाब, नॉक एवढं लॉगमध्ये पाहायचं. कूलरनंतरची हवा ५५ अंशांच्या वर चढत राहिली तर थांबा आणि थंड होऊ द्या. डायनोवर कोणीही बेल्ट किंवा फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नये. ७,५०० नंतर ताकद सपाट झाली तर लिमिटर तिथेच ठेवा. उरलेल्या ५०० फेऱ्या फुकटच्या झिजेखेरीज काही देत नाहीत.

पहिले ५०० किलोमीटर किंवा पहिला ट्रॅकचा दिवस झाला की तेलाचा फिल्टर कापून उघडा, कागदाच्या घड्या पसरून उजेडात धरा. चुंबकाला चिकटणारा बारीक कीस थोडा असेल तर तो नव्या भागांचा. न चिकटणारा, तांबूस किंवा चंदेरी चमकता चुरा दिसला तर तो बेअरिंगचा, पॅन उतरवल्याशिवाय गाडी चालू करू नका. व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा. घट्ट झालेली फट म्हणजे सीट बसतेय. लीकडाउन जुन्या नोंदीशी ताडा. हंगाम संपला की एक-दोन स्प्रिंगा काढून टेस्टरवर ठेवा. लिहून ठेवलेल्या दाबापेक्षा दहा टक्क्यांनी खाली आल्या असतील तर पूर्ण संच मागवा, आणि तो येईपर्यंत लिमिटर ७,००० वर आणून ठेवा.